हातची प्रत : यंत्राच्या मुखत्याराला मराठीत काय सांगावे?

"दुहेरी नोंदी काढ." आमच्या एका सहकाऱ्याने भोपाळमध्ये बसून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका एजंटाला एवढेच लिहिले. समोर आमचा बोलीशब्दांचा संग्रह होता. बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यातील मराठी घरांतून तो वर्षानुवर्षे गोळा झालेला. एखादा शब्द चुकून दोनदा नोंदला गेला असेल, तर त्या जोड्या शोधून वेगळ्या यादीत मांडाव्यात, हा सहकाऱ्याचा हेतू. एजंटाने त्या पुसून टाकल्या. पुसताना त्याने 'डोळा' आणि 'डोया' ही एकाच शब्दाची दोन रूपे, त्यांपैकी दुसरे अशुद्ध, असा निवाडा केला. 'शाळा' राहिली, 'शाया' गेली. ज्या रूपांसाठी संग्रह उभारला होता, नेमकी तीच रूपे चूक ठरून निघून गेली. काम झाल्याचे एजंटाने अत्यंत विनयाने कळवले.

त्या साधनात बॅकअप घेण्याची सोय नव्हती असे नाही. सोय होती, ती हाताने चालवावी लागे, आणि तिची माहिती देणारे इंग्रजी पान एका ओळीचे होते. ही आज्ञा बॅकअप तयार करते, एवढाच त्या ओळीचा आशय. केव्हा चालवावी, कशाची प्रत होते, प्रत कोठे जाते, परत कशी भरायची, यांपैकी काहीही तेथे नव्हते. आमच्यातील एकाने जुन्या सवयीने पेन ड्राइव्हवर संग्रहाची एक प्रत ठेवली होती, म्हणून बहुतेक नोंदी परत मिळाल्या. त्या प्रतीनंतरच्या नोंदी मिळाल्या नाहीत. त्या सांगणाऱ्यांपैकी काहीजण आज हयात नाहीत.

चूक आमची होती, हे आधीच मान्य करतो. पण ती कोणत्या प्रकारची चूक होती, हे समजून घेतल्याशिवाय ती पुन्हा होणे टळणार नाही. आमच्या मते ती तंत्राची जितकी होती तितकीच भाषेची होती. म्हणून या जागी तिचा विचार करणे योग्य.

'काढणे' या क्रियापदाचा गुन्हा

मराठीत 'काढणे' हे एक विलक्षण क्रियापद आहे. चित्र काढतात, तेव्हा नसलेली वस्तू निर्माण होते. विहिरीतून पाणी काढतात, तेव्हा असलेली वस्तू वर येते. यादीतून नाव काढतात, तेव्हा असलेली वस्तू नाहीशी होते. 'झेरॉक्स काढ' म्हणजे दुसरी प्रत कर, आणि 'सातबारा काढून आण' म्हणजे दप्तरातील नोंदीचा उतारा मिळव. 'बॅकअप काढ' आणि 'नोंदी काढ' ही दोन वाक्ये व्याकरणाने सख्खी भावंडे आहेत. पहिले नोंदी वाचवते. दुसरे ऐकणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे त्या शोधून देते किंवा नष्ट करते. माणूस संदर्भाने, आवाजाच्या चढउताराने आणि समोरच्याच्या चेहऱ्याने अर्थ ठरवतो. एजंटाजवळ यांपैकी फक्त लिखित संदर्भ असतो, आणि तो आपणच पुरवायचा असतो.

'उतरवणे' याचीही हीच गत. मजकूर वहीत उतरवला तर तो वाढतो; पाटी उतरवली तर ती जाते. 'साफ करणे' हे क्रियापद तर सर्वांत घातक. घर साफ केले तर घर राहते, ताट साफ केले तर ताटात काही राहत नाही. शब्दसंग्रह 'साफ कर' असे सांगणाऱ्याला यांपैकी कोणते अभिप्रेत आहे?

हा मराठीचा दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक जिवंत भाषेत अशी क्रियापदे असतात. म्हणूनच ज्या कामात एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये संग्रहाचे जीवन-मरण उभे असते, त्या कामाची पुस्तिका त्या भाषेतच लिहिलेली असावी लागते. इंग्रजी पुस्तिकेला 'काढणे' या शब्दाचा धोका ठाऊक असण्याचे कारणच नाही. तो धोका मराठी लिहिणाऱ्यालाच दिसणार, आणि त्यानेच तो लिहून ठेवायचा आहे.

हे फक्त आमचेच झाले नाही

हा एका गरीब चळवळीचा अडाणीपणा, असे कोणी म्हणू नये. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत रेप्लिट या कंपनीच्या एजंटाने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. त्या काळात कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना त्याला दिलेली होती. बाराशेहून अधिक व्यक्तींच्या आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. वर, झालेला बदल मागे घेता येणार नाही, असेही एजंटाने सांगितले. प्रत्यक्षात तो मागे घेता आला. म्हणजे आधी कृती चुकली, मग कृतीबद्दलचे सांगणेही चुकले. यातून एक धडा मिळतो : प्रत आहे की नाही, ती परत भरता येते की नाही, या प्रश्नांचे उत्तर ज्याने नुकसान केले त्याच्या तोंडून घ्यायचे नसते. ते आधीच कागदावर लिहिलेले असावे लागते.

दुसरे उदाहरण एजंटांच्या आधीचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा चालवली. सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबी उरली, तेव्हा चूक ध्यानात आली. मग बॅकअप शोधण्यास सुरुवात झाली. बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या मिळून पाच व्यवस्था होत्या, आणि ऐनवेळी पाचांपैकी एकही धड उपयोगी पडली नाही. रोज आपोआप होणारी प्रत प्रत्यक्षात होतच नव्हती. कारण प्रत घेणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती. अपयशाची सूचना देणारी पत्रे जात होती, पण ती मधेच नाकारली जात होती. शेवटी उपयोगी पडली ती एक प्रत : त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी, चाचणीच्या निराळ्याच कामासाठी, स्वतःच्या हाताने घेतलेली. पाच स्वयंचलित व्यवस्था बुडाल्या, आणि एका हातच्या प्रतीने तारले. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःच जाहीर केली, हा तिचा मोठेपणा.

भोपाळने शिकवलेले दोन पाठ

आम्ही भोपाळमध्ये बसून हे लिहीत आहोत, आणि या शहरात पुस्तिकेची भाषा हा विषय हलका नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. शीतकरणाची यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा अपुरी पडली. कागदावर सर्व संरक्षण होते. प्रत्यक्षात त्या रात्री पुरेसे पडेल असे काहीही नव्हते. त्या कारखान्यातील सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना इंग्रजी नीट वाचता येत नसे, हेही पुढे वारंवार नोंदले गेले. हजारो माणसांच्या मृत्यूची तुलना आम्ही कोणत्याही शब्दसंग्रहाशी करीत नाही. तशी तुलना करणे हे पाप होईल. आम्ही केवळ एवढे म्हणतो की, ज्याचा हात कळीवर आहे त्याला कळीवरची सूचना वाचता आली पाहिजे, हे तत्त्व ज्या शहराने सर्वांत महाग किमतीला शिकले, त्या शहरात तरी 'पुस्तिका इंग्रजीत असली म्हणून काय बिघडते?' असे कोणी विचारू नये.

दुसरा पाठ अलीकडचा. १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनाला आग लागली. आदिवासी विकास आणि आरोग्य या खात्यांची कार्यालये असलेले वरचे मजले जळाले, आणि हजारो फाइली गेल्या. पुढे कोणती कागदपत्रे संगणकावर उतरलेली होती आणि कोणती नव्हती, हा शोध सुरू झाला. तो शोध आगीनंतर घ्यावा लागणे, हाच खरा दोष. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली, आणि तेथील सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक कोठारातील ८५८ टेराबाइट माहिती गेली. संग्रह फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. तेव्हा आमच्या कागदी फाइली आणि प्रगत देशाची संगणकीय कोठारे, यांत जळण्याच्या बाबतीत काही भेद नाही. दुसऱ्या जागी दुसरी प्रत होती की नव्हती, भेद पडतो तो यामुळे.

'मॅन्युअल' या शब्दाचे दोन हात

इंग्रजीत 'मॅन्युअल' म्हणजे हाताने केलेले, आणि 'मॅन्युअल' म्हणजे पुस्तिकाही. दोन्ही अर्थ लॅटिनमधील 'हात' या एकाच शब्दातून आले. मराठीत हे दोन्ही अर्थ पेलणारा शब्द शोधताना आम्हांला घरातलाच एक शब्द सापडला : 'हातचा'. बेरजेत आपण हातचा एक धरतो, म्हणजे पुढच्या घरासाठी राखून ठेवतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, असे म्हणतो, म्हणजे जे निश्चित आहे ते गमावू नये. हाताने घेतलेली, हाताशी असलेली आणि राखून ठेवलेली, अशी तिन्ही लक्षणे ज्या प्रतीत असतात तिला 'हातची प्रत' म्हणावे, अशी आमची सूचना आहे. बॅकअप हा शब्द हद्दपार करा, असे आम्ही म्हणत नाही. तो शब्द आता आपला झाला आहे. मोबाइल दुरुस्त करणारा पोरगाही तो वापरतो. पण बॅकअप आपोआप होणारा आणि हाताने घेतलेला, या दोहोंमध्ये भेद करायचा असेल, तेव्हा 'हातची प्रत' हा शब्द कामास येईल.

येथे आम्हांला स्वकीयांशीही भांडावयाचे आहे. मराठीत पुस्तिका लिहायची म्हटले की काही विद्वान 'प्रतिकृतिसंचयनप्रणाली' असले शब्द घडवू लागतात. असा शब्द वाचून कळ दाबणाऱ्याचा हात थांबतो, आणि थांबू नये तेव्हा थांबतो. आपल्या भाषेत दप्तर सांभाळण्याची परंपरा शतकांची आहे. तिचे शब्द आजही तलाठ्याच्या आणि कोर्टाच्या कचेरीत जिवंत आहेत. नक्कल, उतारा, फेरफार, दप्तर, दाखला : यांतील प्रत्येक शब्द डेटाबेसच्या कामाला चपखल बसतो. 'फेरफार' म्हणजे नोंदीत झालेला बदल, कोणी आणि कशाच्या आधारे केला त्यासह. प्रत मूळ कागदाशी ताडून पाहिली आणि जुळली, हे सांगणारा 'रुजू' हा शब्द मोडी कागदांवर दिसतो. आजच्या तंत्रज्ञांना जी तपासणी करावीशी वाटते आणि बहुधा राहून जाते, तिला आपल्या कारकुनांनी दोन अक्षरांचे नाव देऊन ठेवले होते.

एजंट या शब्दाचेही तसेच. विम्याचा एजंट आपल्याला ठाऊक आहे, पण या यंत्राचे खरे नाते 'मुखत्यार' या शब्दाशी आहे. आपल्या वतीने, आपल्या नावाने, आपल्या मालमत्तेवर व्यवहार करणारा तो मुखत्यार. कुलमुखत्यारपत्र आणि खासमुखत्यारपत्र यांतील फरक गावातील कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सगळ्या जमिनीचे सगळे अधिकार एकाला लिहून देणे निराळे, आणि अमुक गटाची अमुक मोजणी करून घेण्यापुरता अधिकार देणे निराळे. आम्ही मात्र आमच्या एजंटाला, न वाचता, कुलमुखत्यारपत्र दिले होते. पुस्तिका मराठीत असती आणि तीत हा एक शब्द असता, तर ते आमच्या हातून झाले नसते.

पुस्तिकेत काय असावे

केवळ तक्रार करून थांबणे आम्हांला मान्य नाही. हातची प्रत घेण्याच्या साधनाची पुस्तिका दोन वाचकांसाठी असते : एक माणूस, दुसरा एजंट. एजंट साधनाचे वर्णन वाचूनच ते केव्हा आणि कसे वापरायचे हे ठरवतो. वर्णन एका ओळीचे असेल तर निर्णयही तेवढ्याच खोलीचा होतो. म्हणून पुढील गोष्टी तीत स्वच्छ मराठीत लिहिलेल्या असाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

पहिली, वेळ. पुसणे, बदलणे, एकत्र करणे, स्तंभ वाढवणे वा कमी करणे, यांपैकी काहीही करण्याआधी प्रत घ्यावी. प्रत घेताना अडचण आली तर पुढचे काम थांबवावे आणि माणसाला कळवावे. 'शक्य असल्यास' हा शब्दप्रयोग या वाक्यात येता कामा नये.

दुसरी, व्याप्ती. कशाची प्रत होते आणि कशाची होत नाही, हे दोन्ही लिहावे. शब्दांच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात, पण आजीच्या आवाजाच्या ध्वनिफिती बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. घरे जळून पत्त्यांची वही उरली, असा तो बॅकअप होतो. छोट्या संस्था सिक्वलाइट हा डेटाबेस वापरतात. त्याच्या एका प्रचलित पद्धतीत ताजे बदल काही काळ मुख्य फाइलीत न जाता शेजारच्या फाइलीत राहतात. काम चालू असताना फक्त मुख्य फाइल उचलून नेली, तर नेमके ताजे काम मागे राहते. त्यासाठी सिक्वलाइटची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे; तीच वापरावी.

तिसरी, अक्षरे. ही गोष्ट इंग्रजी पुस्तिकेत सहसा नसते, कारण इंग्रजीला तिची झळ लागत नाही. प्रत घेताना अक्षरसंचाची मांडणी चुकली, तर नोंदींची संख्या बरोबर येते, फाइल उघडते, आणि आत प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह असते. मोजणी रुजू, मजकूर शून्य. म्हणून पुस्तिकेत तपासणीसाठी ठरावीक शब्द द्यावेत : 'ळ' असलेला एक, 'ऱ्य' असलेला एक, 'ॲ' असलेला एक. यांपैकी 'ॲ' एकाच सांकेतिक क्रमांकाने लिहिता येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला निराळे. परत भरलेल्या प्रतीत हे तीन शब्द जसेच्या तसे दिसले, तरच प्रत रुजू मानावी.

चौथी, नाव आणि वेळ. प्रतीच्या नावात तारीख असावी, पण कोणत्या घड्याळाची, हेही लिहावे. यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळ धरतात; ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री एक वाजता घेतलेल्या प्रतीवर त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि घाईच्या क्षणी माणूस नेमकी चुकीची प्रत भरतो.

पाचवी, मुखत्यारपत्राची मर्यादा. एजंटाला प्रत घेण्याचा अधिकार असावा. जुनी प्रत पुसण्याचा किंवा तिच्यावर नवी प्रत लिहिण्याचा अधिकार नसावा. परत भरण्याचा निर्णय माणसाचा असावा. ज्याच्या चुकीपासून संरक्षण हवे, त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली देणे हा व्यवहार नव्हे.

सहावी, जागा आणि तालीम. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. त्यात आम्ही एक भर घालू : ठरावीक काळाने एक प्रत रिकाम्या जागी भरून, उघडून, वाचून पाहावी. कधीच न भरलेली प्रत ही प्रत नसते, ती केवळ समजूत असते.

तीन आक्षेप

'हे सगळे आपोआप होते, हाताने कशाला?' हा पहिला आक्षेप. आपोआप होणारी प्रत अवश्य असावी. पण ती ठरल्या वेळी होते, आणि एजंटाची चूक त्याच्या वेळी होते. पहाटे तीनला प्रत आणि सायंकाळी पाचला घात, अशी स्थिती असेल तर दिवसभराचे काम जाते. काहीजण मेघसंचयात फाइली आपोआप जुळवून ठेवतात आणि त्यालाच बॅकअप समजतात. पण जुळवणी इमानदार असते; येथे पुसले की ती तेथेही पुसते. आरसा म्हणजे प्रत नव्हे.

'संगणक वापरणाऱ्याला इंग्रजी आलेच पाहिजे,' हा दुसरा आक्षेप. हा वरकरणी तंत्राचा आक्षेप आहे, आतून अधिकाराचा. एजंट आता मराठीत आज्ञा घेतो, हे त्याचे विक्रेते अभिमानाने सांगतात. आज्ञा मराठीत घेता, तर इशाराही मराठीत द्या. दुकानात शिरण्याची वाट मराठीत आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची पाटी इंग्रजीत, हा न्याय आम्ही स्वीकारणार नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा : 'सीमाभागात शाळा बंद पडत आहेत, पाट्यांवरून खटले चालू आहेत, आणि तुम्ही बॅकअपवर लिहिता!' याचे उत्तर जरा सविस्तर दिले पाहिजे.

दप्तर नसलेली चळवळ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि बैतूल-छिंदवाड्याकडील मराठी माणूस रेषेच्या अलीकडे राहिला. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे १२ लाख लोक होते. बेळगाव, कारवार, बिदरच्या बांधवांची कथा निराळ्या तपशिलांची असली तरी तिचा सांगाडा हाच. महाराष्ट्राने सीमाप्रश्नात जी तत्त्वे मांडली, ती कोणती? खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांपैकी प्रत्येक तत्त्व शेवटी नोंदींवर उभे आहे : कोणत्या खेड्यात कोण कोणती भाषा बोलत होते, शाळेच्या पटावर काय लिहिले होते, दाखले कोणत्या भाषेत निघत होते. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावाही कागदांवरच लढायचा आहे. घोषणा विरून जातात; न्यायालयात कागद उभा राहतो. आणि आज आपले कागद स्कॅन होऊन अशाच डेटाबेसमध्ये चालले आहेत, तेथे उद्या एजंट फिरणार आहेत.

बोलीचे तर याहून बिकट. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात ठिकठिकाणच्या मराठीचे नमुने जसेच्या तसे छापले गेले. त्याच सर्वेक्षणातील काही ध्वनिमुद्रणेही आज ऐकता येतात. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने अलीकडे मराठीच्या बोलींचे नव्याने सर्वेक्षण करून ते लोकांसाठी खुले केले. या कामांचे मोल एकाच गोष्टीत आहे : नोंद करणाऱ्याने बोलणाऱ्याची चूक सुधारली नाही. एजंटाची सहजप्रवृत्ती नेमकी उलट असते. तो प्रमाण मराठीच्या प्रचंड मजकुरावर वाढलेला असतो, म्हणून 'काय करून रायला?' हे त्याला 'काय करत आहेस?' याचे बिघडलेले रूप वाटते. 'काया' हा शब्द 'काळा' या अर्थाने आला, तर तो शरीरवाचक 'काया' समजून दुसऱ्याच घरात टाकला जातो. येथे पुसण्याची आज्ञाही लागत नाही. 'शुद्धलेखन तपास' एवढे सांगितले की बोली सभ्यपणे नाहीशी होते, आणि नोंदींची संख्या तेवढीच राहिल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. सुधारणेपूर्वी घेतलेली हातची प्रत हाच तेथे एकमेव साक्षीदार.

पाट्यांसाठी आपण भांडलो, ते योग्यच होते. पण पाटी उतरवली तर लोक पाहतात आणि जमतात. डेटाबेसमधील शब्द उतरला तर कोणी पाहत नाही. म्हणून त्यासाठी गर्दीपेक्षा शिस्त लागते, आणि शिस्त लिहून ठेवावी लागते.

आमच्या मागण्या तीन आहेत. मराठीत आज्ञा घेणारे साधन विकणाऱ्या प्रत्येकाने पुसण्याच्या, प्रत घेण्याच्या आणि परत भरण्याच्या सूचना मराठीत द्याव्यात. राज्य मराठी विकास संस्था, भाषा संचालनालय आणि मध्य प्रदेशची मराठी साहित्य अकादमी यांनी अशा पुस्तिकांसाठी एक लहान, वापरातील शब्दांची यादी करावी. तीत 'काढणे', 'उतरवणे', 'साफ करणे' ही क्रियापदे वर्ज्य ठरवून त्यांच्या जागी 'प्रत घेणे', 'पुसणे', 'शोधून दाखवणे', 'परत भरणे' अशी एकार्थी क्रियापदे नेमावीत. तिसरी मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांकडे. आपल्या मंडळाची सभासदयादी असो, ग्रंथालयाची सूची असो, आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण असो : ते कोणत्याही एजंटाच्या स्वाधीन करण्यापूर्वी एक हातची प्रत घ्या, ती उघडून वाचा, आणि दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवा.

आमच्या संग्रहाची प्रत आता भोपाळमध्ये एक, मुलताईत एक आणि नागपुरात एक अशी आहे. शेजारी दोन पानांची मराठी पुस्तिका आहे, आणि तिच्या पहिल्या ओळीत लिहिले आहे की 'डोया' ही चूक नाही. ज्यांना ती पुस्तिका हवी असेल त्यांनी मागावी. आपल्या बोलीप्रमाणे शब्द बदलून घ्यावेत, आणि बदलण्यापूर्वी मूळ प्रत राखून ठेवावी.